तोट्यातला शेअर विकवत नाही आणि नफ्यातला लगेच विकला जातो, असं का होतं?

तुमचा प्रश्न असा आहे: नफ्यातले शेअर जरा वर गेले की हात शिवशिवतात, पण 40 टक्के तोट्यातला एक शेअर वर्षानुवर्षं तसाच पडून आहे, हा तुमचा स्वभावदोष आहे का, आणि तो शेअर आता अ‍ॅव्हरेज करावा का, म्हणजे पडलेल्या भावात आणखी घेऊन सरासरी भाव खाली आणावा का?

आधी स्वभावदोषाचं बघू. हे एकट्या तुमचं नाही. हर्श शेफ्रिन आणि मायर स्टॅटमन या अभ्यासकांनी 1985 मध्येच या सवयीला नाव दिलं, डिस्पोझिशन इफेक्ट. ती कुठून येते हे समजायला त्याआधीचा, 1979 चा एक प्रयोग फार उपयोगी पडतो. डॅनियल कानेमन आणि एमोस ट्वर्स्की या दोन मानसशास्त्रज्ञांनी लोकांना साधे प्रश्न विचारले होते. त्यातले दोन तुम्हीही मनातल्या मनात सोडवून बघा.

एक: 3000 हमखास मिळतील, किंवा 4000 मिळण्याची शक्यता 80 टक्के, काहीच न मिळण्याची 20 टक्के. इथे 80 टक्के लोकांनी हमखास मिळणारे 3000 घेतले.

दोन: 3000 हमखास जातील, किंवा 4000 जाण्याची शक्यता 80 टक्के, काहीच न जाण्याची 20 टक्के. इथे 92 टक्के लोकांनी धोका पत्करला.

आता आकडे बघा. 4000 चे 80 टक्के म्हणजे 3200. मिळण्याच्या बाबतीत धोक्याचा पर्याय सरासरीनं बरा होता, तो लोकांनी नाकारला. गमावण्याच्या बाबतीत तोच पर्याय सरासरीनं महाग होता, तर तो हौसेनं उचलला. म्हणजे नफ्यात आपण भित्रे होतो आणि तोट्यात धाडसी. तुमच्या पोर्टफोलिओत हेच चाललंय. वर गेलेला शेअर विकणं म्हणजे हमखास मिळणारे 3000. पडलेला ठेवून देणं म्हणजे ‘कदाचित काहीच जाणार नाही’ या 20 टक्क्यांची आशा. मानसशास्त्रज्ञ असूनही कानेमन यांना 2002 मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं ते याच कामासाठी. ट्वर्स्की 1996 मध्येच गेले होते.

पण मला विचाराल तर यातली सगळ्यात कळीची गोष्ट वेगळी आहे. नफा किंवा तोटा कशाच्या तुलनेत मोजायचा, हे मनच ठरवतं, आणि शेअरच्या बाबतीत ते बहुतेक वेळा खरेदीच्या भावाला चिकटतं. अ‍ॅपमध्ये शेअरच्या नावाशेजारी तुमचा सरासरी भाव दिसतो आणि पुढे लाल किंवा हिरवा आकडा. तो भाव कंपनीला ठाऊक नसतो, बाजाराला ठाऊक नसतो. उद्या ती कंपनी किती कमावणार याच्याशी त्याचा काडीचाही संबंध नाही. तरीही आपले सगळे निर्णय त्याच्याभोवती फिरतात. पडलेला शेअर दोन-तीन वर्षांनी कसाबसा खरेदीच्या भावाला आला की लोक ‘सुटलो एकदाचा’ म्हणून तो विकून टाकतात. मग भले त्याच वेळी कंपनीचे दिवस खरोखर पालटत असोत.

‘पण मी वाट बघतोय ती विचार करूनच, पडलेला परत वर येतो’ असं तुम्ही म्हणाल. टेरन्स ओडियन या अभ्यासकांनी हाच मुद्दा तपासला. एका अमेरिकी ब्रोकरकडच्या 10,000 खात्यांचे 1987 ते 1993 चे व्यवहार त्यांनी पाहिले. विकण्याची संधी होती तेव्हा लोकांनी नफ्यातल्यांपैकी सुमारे 15 टक्के शेअर विकले होते, तोट्यातल्यांपैकी सुमारे 10 टक्के. आणि पुढच्या वर्षभरात, विकलेल्या नफ्यातल्या शेअरनी राखून ठेवलेल्या तोट्यातल्यांपेक्षा सरासरी 3.4 टक्के जास्त परतावा दिला.

त्याच अभ्यासातला एक तपशील मला फार मोलाचा वाटतो. डिसेंबरमध्ये चित्र उलटं होत होतं. तिथलं करवर्ष डिसेंबरात संपतं, ते संपायच्या आत तोटा दाखवला की कर वाचतो, म्हणून एरवी न विकवणारे शेअर लोक त्या महिन्यात विकत होते. तोटा तोच, माणसं तीच. फक्त ‘मी चुकलो’ याऐवजी ‘कर वाचवला’ म्हणता येत होतं. विकणं जड जातं ते पैशापेक्षा त्या कबुलीमुळे, असं माझं ठाम मत आहे.

बुद्धी कमी म्हणून हे घडतं असंही नाही. 1720 मध्ये ब्रिटनमधल्या साउथ सी कंपनीच्या शेअरमध्ये आधी नफा काढून बाहेर पडलेला आयझॅक न्यूटन भाव चढत राहिलेले पाहून पुन्हा आत शिरला आणि मोठा तोटा करून बसला.

रोज भाव बघण्याची सवय यात भर घालते. एखाद्या दिवशी बाजार वर जाण्याची शक्यता निम्म्याहून थोडीशीच जास्त असते, म्हणजे रोज बघणाऱ्याला जवळपास निम्मे दिवस लाल दिसतात. आणि तोट्याचं दुःख तेवढ्याच नफ्याच्या आनंदाच्या साधारण दुप्पट असतं, असं प्रयोगांमध्ये आढळलंय. मग खातं वाढत असलं तरी मनाचा हिशेब तोट्यातच राहतो. तिमाहीला एकदा बघितलं तरी पुरतं.

स्वभाव बदलायच्या मागे लागू नका, फार वेळ जातो. त्यापेक्षा तो आकडा डोळ्यांसमोरून हलवा. लोक माझ्याकडे शेअरची यादी घेऊन येतात तेव्हा मी त्यांना ती कागदावर नव्यानं लिहायला लावतो: शेअरचं नाव, आजची किंमत, आणि तो ठेवण्याचं एका वाक्यातलं कारण. खरेदीचा भाव लिहायचा नाही. पेन थांबतं ते नेमकं तिसऱ्या रकान्यात. ‘परत वर येईल’ हे कारण मी धरत नाही. का येईल, ते लिहायचं.

आता तुमचा 40 टक्के तोट्यातला शेअर. तो खरेदीच्या भावाला यायला इथून सुमारे 67 टक्के चढावा लागेल, हे एकदा नीट डोळ्यांखालून घाला. तोट्यात आहे म्हणून विकाच, असं मी म्हणत नाही. सगळा बाजारच पडला म्हणून तो खाली असेल आणि कंपनीचा धंदा शाबूत असेल, तर ठेवायला काहीच हरकत नाही. पण तुम्ही ज्या कारणासाठी तो घेतला होता ते कारणच उरलं नसेल, तर अ‍ॅव्हरेज करून फक्त सरासरी भाव खाली येतो. कंपनी आहे तिथेच राहते आणि तुमचे आणखी पैसे तिच्यात अडकतात. हा शेअर तुमच्याकडे नसता आणि हातात तेवढी रोकड असती, तर आज हाच घेतला असता का? उत्तर ‘हो’ असेल तर कारण आणि आजची तारीख लिहून ठेवा, आणि कोणती गोष्ट घडली तर विकायचा हेही तिथेच लिहा. उत्तर ‘नाही’ असेल आणि एकदम विकवत नसेल, तर आधी अर्धा विका.