शिंपल्याला किती ऊन लागतं?

एमएससीच्या प्रकल्पासाठी तुम्ही अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या वॉशिंग्टन राज्याच्या आणि कॅलिफोर्नियाच्या थंड किनाऱ्यांवरच्या मसल शिंपल्यांचे जुने आकडे घेतलेत, शेजारी हवामान केंद्राचं तापमान मांडलंत, आणि शिंपले मेल्याच्या दिवसांचा उन्हाशी मेळच बसत नाही, असं लिहिलंय. वाचून पोटात कालवलं. पुण्यात बसून मीही अगदी हेच केलं होतं. आठ महिने गेले त्यात.

गणित पुन्हा पुन्हा तपासू नका. चूक बहुधा तिथे नाही (तुमचा तक्ता मी पाहिलेला नाही, आणि मी आता संशोधनातही नाही, ज्युनियर कॉलेजात शिकवते).

एप्रिलमध्ये दुपारी एकला पर्वतीच्या पायरीवर अनवाणी पाय ठेवून बघा. सावलीत पारा ३८ असेल, पण पाय टेकवत नाही. ओहोटीला उघड्या पडलेल्या काळ्या शिंपल्याची हीच गत होते. त्याचं अंग हवेपेक्षा दहा अंशांनीसुद्धा जास्त तापू शकतं. मी हवेचा आकडा शिंपल्याचा म्हणून वापरला, सगळं तिथेच फसलं. सागरी जीवांचे अभ्यासक ब्रायन हेल्मथ आणि सहकाऱ्यांनी शिंपल्यासारखेच तापणारे, आत तापमापक असलेले नकली शिंपले खडकांवर बसवले. २००२ मध्ये त्यांनी दाखवलं की उत्तरेकडचे काही किनारे दक्षिणेकडच्यांपेक्षा जास्त तापतात, कारण तिथे उन्हाळ्यातली मोठी ओहोटी भर दुपारी येते. दक्षिण कॅलिफोर्नियात ती रात्री येते. जून २०२१ च्या उष्णतेच्या लाटेत कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबियात ओहोटी दुपारचीच होती. खडक ५० अंशांच्या वर गेले आणि शिंपले ढिगाने मेले.

शिंपला काही नुसता सोसत नाही. शिंपा मिटून पाणी राखतो, ऑक्सिजनविना चालणाऱ्या चयापचयावर जातो, खर्च कमी करतो. तापल्यावर हीट-शॉक प्रथिनं बनवून बिघडलेली प्रथिनं सावरतो, पण त्याला ऊर्जा लागते, वाढ मागे पडते. म्हणून मेलेले मोजून भागत नाही, वाढीचे आकडे असतील तर तेही घ्या. हिवाळ्यातलं वेगळं धरा: निळ्या मसलच्या पेशींबाहेरचं पाणी गोठलं तरी तो बऱ्याचदा जगतो.

खरा मनस्ताप दिला तो प्रबंधाचं शीर्षक नोंदवणाऱ्या कार्यालयाने. चूक कळल्यावर शीर्षकातला 'हवेच्या तापमानाचा' हा शब्द बदलायला अर्ज केला. "एकदा नोंदवलं की नोंदवलं," म्हणून चार वेळा परत पाठवलं. कारण कधीच लेखी दिलं नाही. शेवटी चुकीच्या शीर्षकाखाली बरोबर प्रबंध बांधला. आजही तो कपाटात दिसला की राग येतो. तुमचं शीर्षक अजून नोंदलं नसेल तर 'औष्णिक ताण' असा मोकळा शब्द घाला. माझं वैयक्तिक मत आहे, पण त्यावर मी ठाम आहे.

आणि भरतीच्या तक्त्यातली वेळ जागतिक आहे की स्थानिक, ते आधी बघा. उन्हाळ्यात तिकडे घड्याळं तासभर पुढे असतात. त्या एका तासाने माझी दुपारची ओहोटी दोनदा सकाळची झाली होती.