पीटर कॅट रेकॉर्डिंग कंपनी हा बँड कसा जमला आणि त्यात कोण काय वाजवतं?

तुमचा पूर्ण प्रश्न असा: "दिल्लीचा हा जॅझ-इंडी बँड कसा सुरू झाला, त्यात कोण कोण आहेत? आम्ही पाच मित्र असाच बँड काढायचं म्हणतोय. आमच्यातला एक ट्रम्पेट वाजवतो, पण त्याचं काय करायचं कळत नाही."

शेवटचं वाक्य नसतं तर मी लिहायला बसलो नसतो.

आधी विचारलंय ते. बँडचं मूळ सूर्यकांत साहनी. सॅन फ्रान्सिस्कोला फिल्मचं शिकायला गेलेला हा मुलगा तिकडे गाणी करायला लागला आणि दिल्लीत परतल्यावर, 2009 च्या सुमारास, त्या गाण्यांभोवती बँड उभा राहिला. तो गातो आणि गिटार वाजवतो. ड्रम्सवर करण सिंग, बेसवर ध्रुव भोला. कार्तिक सुंदरेशन पिल्लई गिटार, कीबोर्ड आणि ट्रम्पेट वाजवतो. रोहित गुप्ता कीबोर्ड आणि ट्रम्पेट. 'सिनेमा' आणि 'क्लायमॅक्स' हे सुरुवातीचे अल्बम. 2018 मध्ये पॅरिसच्या पनाश या लेबलने, म्हणजे गाणी काढणाऱ्या कंपनीने, त्यांची 2010 ते 2016 मधली निवडक गाणी एकत्र काढली, 2019 मध्ये 'बिस्मिल्लाह' आला, 2024 मध्ये 'बीटा', आणि मग अमेरिका-युरोपचा दौरा. नावातलं मांजर म्हणाल तर कोलकात्याच्या पार्क स्ट्रीटवर पीटर कॅट नावाचं प्रसिद्ध हॉटेल आहे आणि हारुकी मुराकामी लेखक होण्याआधी टोकियोत जॅझ बार चालवायचा, त्याचंही नाव हेच होतं.

पाच माणसांत दोघं ट्रम्पेट वाजवतात हे लक्षात घ्या. त्यातला एक मुळात गिटारवाला आहे. पुढचं सगळं मी त्यासाठीच लिहितोय.

आमच्या घरात तीन पिढ्या बँड आहे. लग्नाचा बँड, लाल कोट आणि जरीच्या पट्ट्यांवाला. सांगली जिल्ह्यात आमचं गाव. पणजोबा सनई वाजवायचे, आबांनी ट्रम्पेट हातात घेतलं आणि बँडमास्तर झाले. वरात मारुतीच्या देवळापाशी थांबली की आबा 'अलबेला'ची गाणी काढायचे आणि पोरं भगवानदादांसारखी नाचायची. आबांना नोटेशन वाचता येत नव्हतं, पण त्या गाण्यांत ट्रम्पेट कुठे मिरवतं आणि कुठे नुसतं गायकाच्या पाठीशी उभं राहतं हे त्यांना तोंडपाठ होतं. 'अलबेला' 1951 चा. संगीत पुणतांब्याच्या सी. रामचंद्रांचं आणि त्यांचा सहायक चिक चॉकलेट, म्हणजे गोव्यातल्या हळदोण्याचा आंतोनियो झेवियर वाझ. मुंबईच्या हॉटेलांत जॅझ वाजवणारा हा ट्रम्पेटवाला त्या सिनेमात आपल्या वादकांसकट पडद्यावरही दिसतो. गोव्याच्या चर्चच्या शाळांत सूर वाचायला शिकलेली अशी कितीतरी माणसं मुंबईत आली आणि हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदात बसली. तेव्हा जॅझ म्हणजे परदेशातून काल आलेली वस्तू आहे असं कुणी म्हटलं की मला राग येतो. आमच्या गावच्या मारुतीपुढे ती पन्नास वर्षं वाजलेली आहे.

मी 2007 मध्ये पुण्यात शिकायला आलो, तेव्हा ट्रम्पेटची पेटी सोबत होती. दुसऱ्या वर्षी कॉलेजच्या बँडमध्ये घेतलं. कर्वेनगरला एका बंगल्याच्या गच्चीवरच्या खोलीत तालीम चालायची. दोन गिटार, बेस, ड्रम्स, एक गायक आणि मी. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेसाठी स्वतःचं गाणं बसवायचं होतं. लीड गिटारवाल्याने ते ई मध्ये बांधलं होतं, कारण गिटारच्या मोकळ्या तारा तिथे छान घुमतात.

आता ट्रम्पेटचं गणित असं असतं. आमचं वाद्य बी फ्लॅटचं. मी सा म्हणून सी फुंकला की हार्मोनियमवरची काळी पाच, म्हणजे पाचवी काळी पट्टी, ऐकू येते. गिटारवाला ई मध्ये असला, म्हणजे पांढरी तीनमध्ये, की मला एफ शार्पमध्ये वाजवावं लागतं. तिथे सहा शार्प, म्हणजे अर्ध्या सुराने चढवलेले सहा सूर. बोटं अडकतात, ओठ दमतात, काही सूर वाद्यातच थोडे चढे निघतात ते ओठांनी खाली ओढून धरावे लागतात. तेच गाणं पांढरी चारमध्ये नेलं की मला साधं जी मध्ये वाजवायचं, एकच शार्प. पांढरी तीन ते पांढरी चार, मधे काळी पट्टीसुद्धा नाही. एवढंच अंतर. गिटारवाल्याने पहिल्या पडद्यावर कॅपो, म्हणजे तारा दाबून धरणारा चिमटा, लावला की झालं, त्याची बोटं जिथल्या तिथे राहतात.

मी हे तीन आठवड्यांत तीनदा मागितलं. पहिल्यांदा तो म्हणाला, आवाज बदलतो. दुसऱ्यांदा म्हणाला, गायकाला चढं जाईल. गायक तिथेच होता, तो म्हणाला मला चालेल. तिसऱ्यांदा तो काहीच बोलला नाही. स्पर्धेच्या आदल्या संध्याकाळी त्याने सांगितलं, "या वेळी ट्रम्पेट नको. सगळं वाजंत्री वाटतंय."

आमच्या घरातल्या माणसाला हा शब्द कुणी कुठल्या सुरात म्हटला तर त्यामागे काय असतं ते सांगायची गरज नाही. मी पेटी बंद केली, स्वारगेटला गेलो आणि मिळेल त्या एसटीने गावी आलो. वडिलांनी, म्हणजे अण्णांनी, पेटी पाहिली, मला पाहिलं, काही विचारलं नाही. त्या लगीनसराईत मी एकही सुपारी सोडली नाही. पण गिटार असलेल्या माणसांबरोबर पुढे दहा वर्षं वाजवलं नाही.

2019 मध्ये चुलतभावाने 'बिस्मिल्लाह' ऐकवला. मी कंपनीच्या बसमध्ये होतो, भोसरीच्या पुढे. गायकाचा आवाज जुन्या क्लबातल्या गायकासारखा, खालच्या पट्टीतला, आरामात चालणारा. मधेच ताल तीन मात्रांचा झाला, झोके घ्यायला लागला, आणि ट्रम्पेट आलं. मिरवायला आलं नव्हतं, भपका नव्हता. गाण्यातलं दुःख जरा वर उचलून धरायला आलं होतं, आबा 'पाठवणी'ला धरायचे तसं. मी उतरायचा थांबा चुकलो. आठ मिनिटांहून लांब एक गाणं आहे त्यात, ते संपेपर्यंत रस्त्याच्या कडेला उभा राहिलो.

मग मी त्यांचं मिळेल ते ऐकलं. जिप्सी जॅझ, कॅबरे, डिस्को, जुना हिंदी सिनेमा, सगळं एका गाण्यात नांदतं. त्यांना नुसता जॅझ बँड म्हणणं चूक आहे, हे तुम्हाला ठामपणे सांगतो. जॅझमध्ये वादक गाण्याच्या चौकटीत उभा राहून तिथल्या तिथे नवं रचतो, तो त्याचा प्राण. यांचा प्राण गाण्याच्या बांधणीत आहे. जॅझकडून त्यांनी रंग घेतले, कॉर्ड घेतले, ब्रास म्हणजे फुंकायची पितळी वाद्यं घेतली. इंडी हा शब्दही मी चालीला लावत नाही, तो व्यवहाराला लावतो: गाणं कसं असावं हे कंपनी सांगणार नाही, आम्ही ठरवू.

माझ्या मते ते टिकले ते एका गोष्टीमुळे. प्रत्येकाला बाहेर स्वतःचं अंगण आहे. साहनी 'लिफाफा' या नावाने हिंदीत इलेक्ट्रॉनिक गाणी करतो, त्याचा 'जागो' ऐकाच. कार्तिक 'जंबलू' नावाने वेगळं संगीत करतो. ज्याला जे करायचंय ते तिकडे करता येतं, म्हणून इथे आल्यावर आपलं वाद्य खाली ठेवून दुसरं उचलायला जीव जड होत नाही. गिटारवाला ट्रम्पेट उचलतो तेव्हा गिटार गप्प बसते. आमच्या गच्चीवर गिटार एका पडद्याने सरकायला तयार नव्हती.

त्या गिटारवाल्या मित्राला मी 'बिस्मिल्लाह' पाठवला होता. त्याने लिहिलं, "तो वेगळा प्रकार आहे." वेगळा कसा? तेच बी फ्लॅटचं वाद्य, तेच तीन पिस्टन. दिल्लीतून येऊन पॅरिसच्या लेबलवर निघालं की ती कला आणि सांगलीतून एसटीने आलं की वाजंत्री?

आता त्याच्याही बाजूचं लिहितो, नाहीतर अन्याय होईल. एफ शार्प यायलाच हवं. बाराही पट्ट्यांत वाजवतो तोच पुरा ट्रम्पेटवाला, आणि मी तेव्हा तेवढा तयार नव्हतो. शिवाय लग्नाच्या बँडमध्ये उघड्यावर जोरात फुंकायची सवय लागते, दहा बाय बाराच्या खोलीत तो आवाज खरंच अंगावर येतो. म्यूट, म्हणजे ट्रम्पेटच्या तोंडात बसवून आवाज दाबायचं बूच, लावायला मी पुढे अण्णांच्या एका गोव्याच्या मित्राकडून शिकलो. गिटारवाल्याने हे म्हटलं असतं तर मी ऐकलं असतं.

तर तुमचा ट्रम्पेटवाला. तो कुठून शिकलाय ते विचारा. बँडपथकातून आला असेल तर त्याचे कान तुमच्यापेक्षा तयार आहेत, कारण त्याने गाणी वाचून नाही, ऐकून बसवलीत. शेवटच्या कडव्यात एक तुकडा देऊन त्याची बोळवण करू नका. एक तरी चाल त्याला बांधू द्या आणि गिटारवाल्यांनी ती त्याच्याकडून शिकावी. पीटर कॅटची नक्कल करू नका, दिल्लीचा तो थंड, धुरकट आवाज तुमच्या गावात उसना वाटेल. तुमच्या गावच्या वरातीत काय वाजतं ते आधी ऐका.

आणि पहिली तालीम पांढरी चारमध्ये घ्या, नाहीतर काळी पाचमध्ये. कॅपो कुठल्याही वाद्यांच्या दुकानात मिळतो.