मूळ प्रतीसाठी पैसे साठवू का?

प्रश्न : ‘बेल अँड सेबॅस्टियन’ या बँडच्या ‘टायगरमिल्क’ या अल्बमची पुन्हा काढलेली एलपी रेकॉर्ड घेतली. कोरी असूनही चरचरते. त्यापेक्षा १९९६ची मूळ प्रतच मिळवावी का? – एक वाचक, ठाणे

उत्तर : मूळ प्रतीच्या मागे लागू नका. ग्लासगोच्या स्टो कॉलेजच्या संगीत अभ्यासक्रमातून निघालेली ही रेकॉर्ड तीन दिवसांत ध्वनिमुद्रित झाली आणि प्रती निघाल्या फक्त १०००. १९९९ साली ती पुन्हा निघेपर्यंत चाहते कॅसेटवर उतरवून ऐकत. पुन्हा काढलेल्या एलपीमुळे ती गाणी तुमच्या-माझ्या घरी आली, म्हणून मला तिचं फार मोल वाटतं.

राहिली चरचर. कागदी पाकिटातून रेकॉर्ड काढताना हातावरचे केस उभे राहतात ना? ती स्थिर वीज कागदाचा भुगा ओढून धरते. माझीही प्रत अशीच तडतडायची. डिस्टिल्ड वॉटरने ओलसर केलेलं मऊ फडकं खाचांच्या दिशेने गोल फिरवलं, लेबल कोरडं ठेवलं, रेकॉर्ड रात्रभर उभी वाळवली. पहिलं गाणं अगदी हळू सुरू होतं; आता तिथे फक्त गायकाचा आवाज आणि गिटार ऐकू येते.

मात्र दर १.८ सेकंदांनी, म्हणजे प्रत्येक फेऱ्याला, त्याच जागी टक् होत असेल, तर तो ओरखडा किंवा छपाईतला दोष. मग दुकानदाराकडून बदलून घ्या.