इंत्रुज आणि शिगमो: नावे दोन, मुळे वेगळी

गोव्यातील कार्निव्हलला कोंकणीत 'इंत्रुज' का म्हणतात आणि तो शिगम्याचाच, म्हणजे गोव्यातील होळीच्या उत्सवाचाच, ख्रिस्ती अवतार मानावा का, अशी पृच्छा आहे.

'इंत्रुज' हे पोर्तुगीज 'एंत्रुदु'चे कोंकणी रूप असून त्याच्या मुळाशी लॅटिनमधील 'प्रवेश' या अर्थाचा 'इंत्रॉइतुस' हा शब्द आहे. हा प्रवेश ईस्टरपूर्वीच्या चाळीस दिवसांच्या उपवासकाळात, म्हणजे कोंकणी ख्रिस्ती ज्याला 'करेज्म' म्हणतात त्यात, करायचा असतो. 'कार्निव्हल' हा शब्दही त्याच उंबरठ्यावरचा आहे, पण त्याची नजर ताटाकडे आहे, कारण त्याचे मूळ 'मांस दूर करणे' या अर्थाच्या मध्ययुगीन शब्दात सापडते. 'मांसा, तुझा निरोप घेतो' ही त्याची प्रसिद्ध फोड मोहक असली, तरी ती मागाहून जुळवलेली लोकव्युत्पत्ती मानली जाते.

'शिगमो' आणि आपला 'शिमगा' यांचे कूळ मात्र अस्सल देशी आहे. जैन आचार्य हेमचंद्राच्या 'देशीनाममाला' या देशी शब्दांच्या कोशात फाल्गुनोत्सवासाठी 'सुगिम्हअ' हा शब्द येतो, आणि संस्कृत 'सुग्रीष्मक'शी त्याचा संबंध जोडला जातो. 'शिगमा'चे 'शिमगा' होताना केवळ वर्णांची अदलाबदल झाली आहे. तिथींचा हिशेबही दोघांना वेगळे ठेवतो. ईस्टर वसंतसंपातानंतरच्या पौर्णिमेपाठोपाठच्या रविवारी येतो आणि इंत्रुजाचा शेवटचा मंगळवार त्याच्या 47 दिवस आधी, त्यामुळे तो अमावास्येच्या आसपास पडतो, तर शिगमा फाल्गुनी पौर्णिमेचा.

मराठीने पोर्तुगीजांकडून 'नाताळ' घेतला, पण 'इंत्रुज' घेतला नाही. माझ्या मते याचे कारण असे, की करेज्माचा उपवास ज्यांच्या घरात नाही, त्यांना त्याच्या उंबरठ्याचे नाव लागत नाही.

वापरताना मी एक भेद पाळतो आणि तो पाळला जावा, असे मनापासून वाटते. किंग मोमोच्या, म्हणजे कार्निव्हलच्या नाममात्र राजाच्या, आज्ञापत्राने सुरू होणाऱ्या, 1965 पासून पणजीत निघणाऱ्या चित्ररथांच्या मिरवणुकीला 'कार्निव्हल' म्हणणे योग्यच आहे. परंतु दक्षिण गोव्यातील सासष्टीच्या गावांतून अंगणोअंगणी होणारे 'खेळ', म्हणजे लोकनाट्ये, किंवा तिथल्याच चांदर गावचा सोमवारी रात्रीचा मुसळखेळ, म्हणजे मुसळे घेऊन केलेला नाच, यांविषयी लिहिताना 'इंत्रुज' हाच शब्द वापरावा, कारण तिथली माणसे त्या दिवसांना याच नावाने ओळखतात.