वहिनींची फिटची गोळी चालू असताना त्यांनी घबराटीची गोळी घेतली तर चालते का?

चालते, पण फिटची गोळी कोणती, त्यावर सगळं आहे. वहिनींना कार्बामाझेपिन असेल तर ते यकृतातली औषध मोडणारी एन्झाइम्स वाढवतं आणि अल्प्राझोलाम या घबराटीच्या गोळीचा असर कमी पडतो. व्हॅल्प्रोएट या फिटच्या गोळीचं उलट. त्याने लोराझेपाम ही घबराटीची गोळी रक्तात वाढते, म्हणून तिचा डोस साधारण निम्मा करतात. तरी गुंगी येतेच, तेव्हा घोडबंदर रोडवर स्कूटर नकोच. फिटची गोळी लेव्हेटिरासिटाम असेल तर चिडचिड, घालमेल त्या गोळीचीच असू शकते. हे विचारायचं बरेचदा राहूनच जातं. आणि बरं वाटलं म्हणून घबराटीची गोळी एकदम बंद करू नका, त्यानेच फिट येऊ शकते. न्यूरोलॉजिस्ट नौपाड्यात आणि मानसोपचारतज्ज्ञ माजिवड्यात असतील, तर दोन्ही चिठ्ठ्या दोघांनाही दाखवा.