शोध एकाचा आणि फायदा सगळ्यांचा झाला, तर नवं शोधायला कोण पुढे येईल?

माझी तासगाव तालुक्यात द्राक्षबाग आहे, म्हणून तुमच्या प्रश्नाचं उत्तर बागेतूनच देतो.

आमच्याच तालुक्यातल्या बोरगावच्या वसंतराव आर्वे यांनी थॉम्पसन सीडलेस या बिनबियांच्या द्राक्षातून निवड करून टास-ए-गणेश वाण काढला. नान्नजच्या नानासाहेब काळे यांनी सोनाका दिला. असा वाण हाती लागायला वर्षं जातात, उचलायला मात्र एक काडी पुरते. शेजाऱ्याने डोळे भरले, म्हणजे त्या काडीचं कलम केलं, की वाण त्याचा. तुमची शंका इथे शंभर टक्के खरी आहे. अर्थशास्त्रज्ञ केनेथ ॲरो यांनी 1962 मध्ये हेच मांडलं: शोधाचा पुरता मोबदला शोधणाऱ्याला मिळत नाही, त्यामुळे बाजारावर सोडलं तर संशोधन गरजेपेक्षा कमी होतं. 2001 च्या वाण संरक्षण कायद्यात नोंदणीकृत वेलीला 18 वर्षांचं संरक्षण आहे, पण बांधाबांधावर राखण कोण करणार?

तरी सगळंच काही काडीबरोबर जात नाही. घड पोपटी झाला की 10 पीपीएम (लिटरला 10 मिलिग्रॅम) जीए, म्हणजे जिबरेलिक ॲसिड हे वाढीचं संजीवक, फवारा, असं कुठल्याही माहितीपत्रकात सापडेल. पण पोपटी म्हणजे नेमका कोणता, आज की परवा, हे जाणत्या माणसाबरोबर ओळीत उभं राहिल्याशिवाय कळत नाही. पाण्याचा सामू (पीएच) उतरवून मगच जीए टाकायचं, हेही मी असंच शेजारच्या बागेत शिकलो. अर्थशास्त्रज्ञ आल्फ्रेड मार्शल यांनी 1890 मध्येच लिहिलंय की एका जागी एकवटलेल्या धंद्याची गुपितं तिथल्या हवेतच असतात. जॅफी, ट्राख्टनबर्ग आणि हेंडरसन या अर्थशास्त्रज्ञांनी 1993 मध्ये अमेरिकेतली पेटंटं तपासली, तर आधीच्या पेटंटचा आधार त्याच भागातले लोक जास्त घेतात असं दिसलं.

म्हणून ज्ञान असं एकाकडून दुसऱ्याकडे झिरपतं, त्याला नुसता तोटा म्हणू नका. आज आर्वेंच्या वाणापासून सुरुवात करणाऱ्याची ती सगळी वर्षं वाचतात आणि तो पुढच्या अडचणीला हात घालतो. शिवाय जो स्वतः काही करून बघतो, त्यालाच दुसऱ्याचं नवं पटकन उमगतं. आमच्याकडे शिवारफेरीत चांगले प्रश्न विचारणारे बहुतेक प्रयोग करणारेच असतात.

राहिला खर्च. वाण काढायला लागणारी वर्षं एकट्या शेतकऱ्याच्या माथी मारू नयेत, असं माझं ठाम मत आहे. तो भार मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राने, विद्यापीठांनी आणि बागायतदारांच्या वर्गणीवर चालणाऱ्या संघाने उचलावा. आणि ज्याच्या बागेतून वाण निघाला, त्याला नोंदणीचं काम आणि पहिल्या काड्यांचा रास्त भाव, दोन्ही संघानेच मिळवून द्यावं.