छाटणीच्या हंगामात मनगट दुखतं. पट्टा बांधून काम चालू ठेवलं तर चालेल का? कोणता पट्टा घ्यावा?

पट्टा बांधून तेच काम रेटायचं, हा विचार आधी डोक्यातून काढा. पट्टा दुखऱ्या हाताला विश्रांती मिळावी म्हणून असतो. तो आवळून काम केलं की मनगट वळत नाही, मग माणूस कोपर आणि खांदा वाकडा करून फांदी गाठतो आणि दुखणं वर सरकतं.

कोणता घ्यायचा ते दुखतंय कुठे यावर ठरतं. अंगठा मुठीत धरून मनगट करंगळीच्या बाजूला झुकवा. अंगठ्याच्या मुळाशी सणकन कळ गेली तर बहुधा तिथल्या दोन कंडरांच्या (स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या दोऱ्यांच्या) आवरणाला सूज आहे. त्याला अंगठाही धरून ठेवणारा पट्टा लागतो, नुसता मनगटाचा घेऊन उपयोग नाही. रात्री अंगठा, तर्जनी, मधलं बोट बधिर होऊन जाग येत असेल आणि हात झटकल्यावर बरं वाटत असेल, तर तो कार्पल टनेलचा, म्हणजे मनगटातली नस दाबली जाण्याचा त्रास. त्याला मनगट सरळ ठेवणारा पट्टा, तोही झोपताना.

पण तुम्ही कात्रीबद्दल एक शब्दही लिहिला नाहीत, आणि दुखणं बहुतेक वेळा तिथूनच सुरू होतं. "हंगामाच्या सुरुवातीला एकदा धार लावली की झालं, पुढे हाताला सवय होते" असं सांगणारे मुकादम सगळीकडे आहेत. मला हे अजिबात मान्य नाही. सुजलेल्या कंडरेला सवय होत नाही, तिचं आवरण जाड होत जातं.

सिकेटरला, म्हणजे छाटणीच्या या हातकात्रीला, रोज धार हवी. आधी पात्यावरचा चीक साबणाच्या पाण्याने पुसा. वाळलेला चीक पात्यांमध्ये घासतो आणि तेवढा जास्त जोर बोटांना लावावा लागतो. मग बारीक डायमंड कानस फक्त पात्याच्या तिरक्या, उताराच्या बाजूने, मूळ उतार न बदलता, बोल्टाकडून टोकाकडे एकाच दिशेने चार-सहा वेळा फिरवा. सपाट बाजू घासायची नाही. तिथे आलेली कणी (धार लावताना वळलेली धातूची बारीक कड) कानस सपाट टेकवून एकदाच काढायची. त्या बाजूलाही उतार पाडला की दोन पात्यांत फट राहते, फांदी कापली न जाता चेचून अडकते आणि माणूस ती सोडवायला मनगट पिळतो. मूठ आवळलेली असताना दिलेला हा पीळ सगळ्यात वाईट. बोल्ट ढिला असला तरी हेच होतं. फार आवळला तर कात्री आपोआप उघडत नाही. शेवटी बोल्टावर तेलाचा एक थेंब. पातळ कागद न फाटता कापला गेला पाहिजे.

फांदी पात्याच्या टोकात न धरता बोल्टाजवळ धरा. अंगठ्याएवढी जाड असेल तर लांब दांड्याची कात्री किंवा करवत घ्या. कात्री उघडल्यावर बोटांची टोकं कशीबशी कात्रीच्या दांड्याला पोचत असतील तर ती कात्री तुमच्या हाताची नाही. बायकांच्या हातात पुरुषांच्या मापाची कात्री द्यायची आणि वर त्यांचा हात नाजूक म्हणायचं, हे मला संतापजनक वाटतं.

दर तासाला पाच मिनिटं हात मोकळा सोडा, मधूनच काड्या गोळा करण्यासारखं वेगळं काम घ्या. उक्त्या कामात हे जमत नाही, माहीत आहे. पण धार लावायची दहा मिनिटं मजुराच्या पदरची का? ती मालकाच्या वेळेत धरा. बोथट कात्रीने दुपारनंतर छाटणी मंदावते, तोटा मालकाचाही होतो.

हे सगळं छाटणीपुरतं. ब्रशकटरच्या (गवत-झुडपं कापायच्या यंत्राच्या) कंपनाने बोटं थंडीत पांढरी पडत असतील तर तो प्रकार वेगळा. मधुमेह, थायरॉइड किंवा गरोदरपण असेल तर मनगटातली नस लवकर दाबली जाते, डॉक्टरला ते आधीच सांगा. पडल्यावर दुखायला लागलं असेल तर आधी एक्स-रे. बधिरपणा दिवसभर राहत असेल, वस्तू हातातून निसटत असतील किंवा अंगठ्याखालचा मांसल भाग दुसऱ्या हातापेक्षा बसलेला दिसत असेल, तर हंगाम संपायची वाट पाहू नका. नर्व्ह कंडक्शनची, म्हणजे नस संदेश नीट वाहून नेते का याची तपासणी करून घ्या. तो स्नायू एकदा वाळला की ऑपरेशननंतरही पूर्ण भरून येईलच असं नाही.